परसातला गेंडा भुंगा

जपानात जुलै-ऑगस्ट म्हणजे भुंग्यांचा मोसम. आमच्या सैतामातल्या घरसामानाच्या दुकानात तेव्हा वेगळं दालनच लागतं: डबे, कुजवलेल्या लाकडाचा भुसा, भुंग्यांना चाटायला जेलीचे छोटे कप, आणि शिंगवाले जिवंत काबुतोमुशी, म्हणजे तिथले गेंडा भुंगे. पैसे मोजून! माझी लेक यातच वाढली. त्यामुळे आर्वीजवळ आमच्या गावी, श्रावणातल्या झडीत, परसातल्या बल्बवर आपटून अंगठ्याएवढा काळा भुंगा खाली पडला, तेव्हा बाकी सगळे मागे सरकले आणि ती पुढे.

"फेक व माय ते! चावन न तुले!" आजी ओरडली.

चावत नाही तो. पायांच्या काट्यांनी बोट तेवढं घट्ट धरतो. ओट्यावर ठेवून टॉर्च मारला. शिंग मागे वळलेलं. ते नर-मादी दोघांनाही असतं, नराचं बहुधा लांब. खरी खूण मागच्या टोकाला, मादीला तिथे तांबूस केसांचा झुपका. याला नव्हता. मिशांच्या टोकाच्या पाकळ्या उलगडून तो वास घेत होता. डिवचलं की फुसफुस करायचा. तो आवाज तोंडाचा नाही, पोट पंखांच्या कवचावर घासल्याचा.

बाबांनी लांबूनच निकाल दिला, "हा त हुमनीचा बाप हाय. रॉकेलात टाक." (रॉकेल आता मिळतं कुठे, ते सोडा.)

पण हा हुमणीचा नव्हे. हुमणीचे भुंगेरे तपकिरी, लहान, बिनशिंगाचे. पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुनिंब-बाभळीवर बसतात, फांद्या हलवून आपण गोळा करतो ते. त्यांची अळी तुरी-सोयाबीनची मुळं खाते. याची जाडजूड पांढरी अळी उकिरड्यात कुजकं खत खाऊन वाढते, पिकाच्या वाटेला जात नाही. शेणखत उपसताना दिसली की आपण दोघींना एकाच मापात मोजतो.

साधू मात्र हाही नाही. नारळ-शिंदीच्या शेंड्यात शिरून न उमललेली पानं कुरतडतो. पान उघडलं की कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसतात. 1909 मध्ये रबराच्या रोपांसोबत तो सामोआ बेटांवर पोचला आणि तिथल्या नारळबागांचा वैरी झाला.

लेकीने त्याला बरणीत ठेवून पिकलं केळं दिलंय. आमच्या दारात नारळ एकच, बाबांनी कौतुकाने वाढवलेला. सकाळी पाहिलं, दोन झावळ्यांवर त्रिकोण आहेत. बाबांना अजून कोणी सांगितलेलं नाही.