बारा पौंडांच्या तिकिटाचा हिशेब: आमची वाटचाल

लंडनच्या हॅरो भागातल्या भाड्याच्या घरात, कुकरशेजारी लॅपटॉप ठेवून आम्ही कंपनीची नोंदणी केली ते साल 2011. त्याच वर्षी यूके फिल्म कौन्सिल बंद होऊन सिनेमांना राष्ट्रीय लॉटरीतले पैसे वाटायचं काम ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे गेलं होतं. मी डोंबिवलीचा, माझी भागीदार लीड्सची. तिने दहा वर्षं थिएटरांचं बुकिंग पाहिलेलं. कुठल्या गावात कुठल्या वारी कोण सिनेमा बघतं, हे तिला तोंडपाठ. तरी आम्ही वितरणात न उतरता सिनेमा काढायला निघालो. हौस, दुसरं काय!

पैसे उभे करणं त्या मानाने सोपं गेलं. 2012 मध्ये सरकारने छोट्या नव्या कंपन्यांसाठी एसईआयएस योजना आणली. कंपनीला दीड लाख पौंडांपर्यंत भांडवल घेता यायचं आणि पैसे घालणाऱ्याला त्याच्या निम्म्या रकमेइतकी आयकरात सूट मिळायची. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झालेले दोन डेंटिस्ट आणि एक अकाउंटंट पुढे आले. पटकथा तिघांपैकी एकानेही वाचली नव्हती.

शिवाय 'ब्रिटिश सिनेमा' असा शिक्का मिळाला की खर्चाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत रोख परत मिळायची. त्या शिक्क्यासाठी चक्क गुण देतात: कथा कुठे घडते, पात्रं कुठली, भाषा कोणती, कॅमेऱ्यामागे कोण. तेव्हा 31 पैकी 16 लागत. आम्ही आरामात पास झालो. फक्त ही रोख हिशेब कर खात्याकडे गेल्यावर हातात पडते आणि कॅमेरावाला तोवर थांबत नाही. म्हणून येणाऱ्या पैशांवर कर्ज काढलं.

सिनेमा झाला. विक्री एजंट तो फ्रान्समधल्या कान महोत्सवाला घेऊन गेला. वर लाल गालिचा असतो, खाली तळघरात सिनेमांचा बाजार भरतो. आमचा तळघरात होता. एजंटचा प्रवास, जाहिराती, स्टॉल हे सगळं आधी वळतं होतं. आमच्यापर्यंत पोचला तो फक्त हिशेबाचा कागद.

मग आपणच लावू म्हटलं. एक शुक्रवार, 11 स्क्रीन. इथे सिनेमा शुक्रवारी लागतो, पण निकाल सोमवारी सकाळी. शनिवार-रविवारचे आकडे समोर ठेवून थिएटरांचे बुकर पुढच्या आठवड्याचे खेळ ठरवतात. साडेदहाला फोन सुरू झाले. जेवणाच्या वेळेपर्यंत 11 पैकी 9 स्क्रीन गेले. 'फार सुंदर सिनेमा' असं नऊही जण म्हणाले. इंग्रज माणूस नाही म्हणताना असंच म्हणतो.

हिशेब बघा. तिकीट 12 पौंडांचं धरलं, तर 20 टक्के व्हॅट वजा जाऊन उरतात 10. करार बरा असेल तर त्यातले साडेतीन आमचे, बाकी थिएटरचे. साडेतीनातून आधी वितरकाचं कमिशन, मग पोस्टर, ट्रेलर, प्रसिद्धी, शिवाय बीबीएफसीचं, म्हणजे इथल्या सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र. त्याची फी सिनेमाच्या लांबीवर असते, म्हणून मी दिग्दर्शिकेला एक स्वप्नदृश्य कापायला सुचवलं होतं. त्यावर ती दोन दिवस बोलली नाही. या पंगतीत निर्माता शेवटी बसतो, आणि तोवर भात संपलेला असतो.

सगळ्यात मोठी फजिती मात्र माझ्याच चुकीने झाली. हल्ली सिनेमा रिळांच्या डब्यांतून जात नाही. कुलूपबंद फाइल हार्ड डिस्कवर जाते आणि तिची चावी ईमेलने. ती ठरावीक मशीनवर, ठरावीक तारखांनाच चालते. नॉर्फकच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या थिएटरात गुरुवारी संध्याकाळी खास खेळ होता आणि मी चावी मागवली होती शुक्रवारपासूनची. साठेक माणसं खुर्च्यांत, हातात चहाचे कप, पडदा काळा. दिग्दर्शिकेने सरळ प्रश्नोत्तरं आधी घेतली. न पाहिलेल्या सिनेमावर लोक पाऊण तास प्रश्न विचारत होते! नवी चावी आली, सिनेमा लागला, एकही जण उठला नाही. परतीच्या गाडीत भागीदार म्हणाली, "अगदी हेच आपण दर गावात करायचं. चावीचा घोळ सोडून."

तेव्हापासून एकदम देशभर लावणं बंद. एका गावात एक रात्र, सोबत दिग्दर्शक. मेंढपाळांवरच्या आमच्या दुसऱ्या सिनेमाला लंडनच्या ट्यूबमधली जाहिरात परवडणारी नव्हतीच. कम्ब्रियात मेंढ्यांच्या लिलावाच्या बाजारात आणि पशुखाद्याच्या दुकानांत पोस्टरं लावली. इथलं थिएटरचं पोस्टर आडवं असतं, 40 बाय 30 इंच; ते दुकानाच्या दारावर मावेना, म्हणून उभी, छोटी छापून घेतली. खेळ हाउसफुल्ल. एका म्हाताऱ्याचा अभिप्राय एवढाच: "कुत्र्याने काम चांगलं केलंय."

2013 च्या 5 जुलैला 'अ फील्ड इन इंग्लंड' हा दुसऱ्या कुणाचा ब्रिटिश सिनेमा थिएटर, टीव्ही, डीव्हीडी आणि ऑनलाइन, सगळीकडे एकाच दिवशी आला होता. साधारण सोळा आठवड्यांच्या आत घरी दिसणारा सिनेमा थिएटरांच्या मोठ्या साखळ्या तेव्हा घेत नसत. आम्हाला साखळ्या विचारतच नव्हत्या, मग भीती कसली! खेळ सुटला की दारात टेबल टाकून आम्ही डीव्हीडी विकायचो. कित्येक गावांत तिकिटांपेक्षा टेबलावर जास्त सुटले.

मार्च 2020 मध्ये थिएटरं बंद झाली तेव्हा आमचा दौरा ठरलेला होता. त्याबद्दल फार लिहीत नाही; त्यातलं कर्ज 2023 मध्ये फिटलं.

आता दीड कोटी पौंडांपर्यंत खर्चाच्या स्वतंत्र सिनेमांना 53 टक्के दराने कर-सवलत आहे. कर वजा जाता हातात 40 टक्क्यांच्या आसपास येतात, तेही खर्चाच्या जास्तीत जास्त 80 टक्के भागावर. निर्मात्यांना याने खरंच श्वास मिळाला. पण माझी तक्रार जुनीच: सिनेमा बनवायला मदत आहे, माणसं खुर्चीत आणायला मात्र हात आखडता. 2025 मध्ये संसदेच्या समितीने वितरण आणि प्रसिद्धीच्या खर्चावरही सवलत द्या, असं सुचवलं तेव्हा भागीदाराने तो कागद छापून फ्रिजवर लावला. अजून तिथेच आहे.

नव्या सिनेमाचा पहिला खेळ पुन्हा त्याच नॉर्फकच्या थिएटरात आहे, गुरुवारी. चावी मी मंगळवारपासूनची मागवली आहे.