उरिल्ल्या कुडक्यांची न्हय गो ही?

शुक्रवार, रात्रीचे साडेदहा

करंट दोनदा जाऊन आला आणि आता तिसऱ्यांदा गेलाय. इन्व्हर्टरवर पंखा नि एक ट्यूब चालते, मशीनची मोटर नाही चालत, म्हणून हातातलं ब्लाउज बाजूला ठेवून लिहायला बसलेय. चवथ तीन आठवड्यांवर आलीय, भिंतीवरच्या खिळ्यांना पिशव्या लटकल्यात लोकांच्या, आणि मी काय करतेय तर रविवारपासून एकच वाक्य चघळतेय.

रविवारी डिचोलीला शर्मिलाच्या बाळाच्या उष्टावणाला गेलो होतो. पाऊस असा की रिक्षातून उतरून दारापर्यंत जाईतो साडी गुडघ्यापर्यंत भिजली. गोधडी मात्र दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून मांडीवर धरलेली, हे म्हणाले सुद्धा, बाळाला तरी कुणी एवढं जपून नेत नाही. पोचल्यावर लगेच दिली. शर्मिलाने खोलली, चांगली पलंगावर पसरून दाखवली सगळ्यांना. वहिनींनी तिच्यावरून हात फिरवला, एक कोपरा उचलून मागची बाजू बघितली, आणि म्हणाल्या, "उरिल्ल्या कुडक्यांची न्हय गो ही?"

बस. एवढंच.

मी म्हटलं, "हय, उरिल्ल्यांचीच," आणि हसले. बाकीच्या पण हसल्या. मग आतून कुणीतरी खतखतं गार होतंय म्हणून हाक मारली नि विषय संपला. म्हणजे त्यांचा संपला.

आता यात वाईट काय म्हणाल्या त्या? काहीच नाही. खरंच उरलेल्या तुकड्यांची आहे. मी तरी काय पैठणी कापून केली होती? पण ते "न्हय गो" आहे ना, ते विचारल्यासारखं असतं आणि उत्तर आधीच खिशात घातलेलं असतं. शेजारी चांदीची वाटी-चमचा ठेवलेला, पाकिटं ठेवलेली, आणि त्यात माझी ही उरलेल्यांची. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं तर म्हणाले, अगं त्या सहज बोलल्या असतील. सहज बोलल्या हे मलाही कळतं, सहज बोलल्या म्हणूनच तर.

चौसष्ट तुकडे आहेत त्या गोधडीत. आठाच्या आठ ओळी. पुठ्ठ्याचा पाच इंची साचा करून एकेक कापलेला, चारी बाजूंनी पाव पाव इंच शिवणीत जातो, म्हणजे शिवून झाल्यावर साडेचार उरतो, आठ साडेचार छत्तीस. बाळाला छत्तीस बाय छत्तीस बरी पडते. आणि तुकडे असेच उचलून जोडले नव्हते मी. आधी जमिनीवर मांडले, दोन निळे शेजारी आले म्हणून हलवले, मग लालाजवळ लाल आला, मग रात्री खिडकीतून वारा आला आणि सगळे उडाले, मग परत. त्याआधी सगळं कापड दोनदा धुतलेलं. हे मी अश्विनीच्या गोधडीवरून शिकले, तिच्यात लाल चौकड्याचं कापड न धुता घातलं होतं आणि पहिल्याच धुण्यात पांढरे तुकडे सगळे गुलाबी. अश्विनी बिचारी म्हणाली मला गुलाबी आवडतो. शिवाय नवं कॉटन आटतं, आणि एक तुकडा आटला नि शेजारचा नाही आटला तर गोधडीला जागोजाग चुण्या पडतात, पावसात भिजलेल्या वहीसारखी दिसते. म्हणून मधल्या थराला कायम जुनी साडी. तिचं जे काय आटायचं ते आटून झालेलं असतं. या वेळी मधे माझीच एक विटकी कॉटन घातली, दोनच थर, कारण गोव्यात जाड गोधडी काय कामाची, जुलैत धुतली तर आठ दिवस वाळत नाही आणि नवव्या दिवशी काळे ठिपके येतात.

आईच्या ट्रंकेतल्या साड्या आहेत, त्या सगळ्यात मऊ. पण ती ट्रंक अजून मी... असो.

तर सांगत काय होते, उरलेलं. उरलेल्याची गोधडी म्हणजे फुकटची, असं लोकांना वाटतं. खालच्या बाजूला चव्वेचाळीस इंच पन्ह्याचं फिकट पिवळं कॉटन सव्वा मीटर, काठाच्या गोटाला तपकिरी अर्धा मीटर, हे मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून नवंकोरं आणलं. वर दोन रिळं. तीनशे चाळीस रुपये आणि जायचं-यायचं बसचं तिकीट. ह्याची मजा अशी की गोट तिरका कापावा लागतो, तिरका कापला की दोन्ही टोकांना त्रिकोण उरतात, ते गेले परत पिशवीत. म्हणजे उरलेलं संपवायला नवीन आणायचं आणि त्यातलं उरवायचं. पलंगाखालची ती पिशवी पाच वर्षांपूर्वी एक होती, आता तीन आहेत. अकरा गोधड्या दिल्या मी आजपर्यंत.

परवा रात्री झोप नव्हती म्हणून मोबाईलवर गोधड्याच बघत बसले. आपल्या कारवारच्या पलीकडे, यल्लापूर-हळियाळच्या बाजूला सिद्दी बायका कवंदी शिवतात, म्हणजे त्यांची गोधडी. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेली माणसं, त्यातली कितीतरी पळून घाटातल्या रानात गेली, त्यांच्या या लेकीसुना. त्यांची पद्धत वेगळी. आपण आधी वरची बाजू जोडतो आणि मग थर लावून धावदोरा घालतो, त्या बाहेरच्या कडेपासून सुरू करतात आणि तुकडे लावत, टाके घालत गोल गोल आत मध्यापर्यंत येतात. आणि चारी कोपऱ्यांना कापडाच्या घडीचे छोटे त्रिकोण लावतात, त्याला फूल म्हणतात. फूल नसलं तर कवंदी नागडी, असं त्या म्हणतात. मला हे आधीच माहीत होतं, म्हणून शर्मिलाच्या गोधडीला मी चार फुलं लावली होती. वहिनींनी जो कोपरा उचलून बघितला ना, त्यालाच एक होतं. नसेल दिसलं.

मग तिथून पुढे अमेरिकेत गेले. अलाबामात गीज बेंड म्हणून एक गाव आहे, तिथल्या काळ्या बायका शेतावरच्या फाटक्या पँटी-शर्टांच्या गोधड्या करायच्या, थंडी लागू नये म्हणून. १९७२ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या उशांच्या अभ्र्यांची ऑर्डर तिकडे आली, कॉर्डरॉयची, तर त्यातून जे कॉर्डरॉय उरलं त्याच्याही गोधड्या केल्या त्यांनी. हे वाचून मी बिछान्यात उठूनच बसले, म्हटलं या तर माझ्याच जातीच्या, गिऱ्हाइकाच्या कापडातलं उरलेलं! २००२ साली त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये भिंतीवर लावल्या आणि २००६ साली त्यांची पोस्टाची तिकिटं निघाली. रात्री एक वाजता हे फार बरं वाटलं. सकाळी चहा करताना परत तेच, उरिल्ल्या कुडक्यांची न्हय गो. वहिनी काही न्यूयॉर्कला जायच्या नाहीत.

आणि द्रौपदीनं कृष्णाच्या बोटाला चिंधी बांधली तिचं केवढं कौतुक, पण ती अंगावरच्या शालूची फाडून दिलेली होती. उरलेली नव्हती. हा मुद्दा वहिनींच्या बाजूने जातो.

कधीकधी वाटतं माझं सगळं असंच. दुपारचं उरलेलं रात्री मी खायचं, शिळी पोळी मी, पेजेचा तळ मी. वेळ पण उरलेलाच, गिऱ्हाइकांचं झालं, ह्यांचं झालं, भांडी झाली, की रात्री दहानंतर जो राहतो त्यात हे चौकोन कापायचे, आणि मग तेही कुणाला द्यायचे तर ते म्हणणार उरलेलंच ना. रेवतीला फोन केला होता बुधवारी हे सांगायला. मीटिंगमध्ये होती. मग करते म्हणाली. शुक्रवार झाला आज.

हे वरचं वाचून बघितलं. अगदी पदर डोळ्याला लावल्यासारखं झालंय. शिळी पोळी मला आवडते, तव्यावर तूप टाकून कडक करून, ही गोष्ट मी लपवली.

आणि खरं लिहायचं तर आणखी एक लिहायला हवं. मी गोधड्या का देते? प्रेमाने देते, हे आहेच. पण कापड माझ्याकडून फेकवत नाही हेही आहे. चार बोटांची पट्टी असली तरी हात कचऱ्याच्या डब्याकडे जात नाही. मग ती साठते, मग झुरळं होतात, मग हे ओरडतात, मग कुणाचं तरी बारसं नाहीतर उष्टावण येतं आणि मी सुटकेचा श्वास टाकते की चला, चौसष्ट गेले. पाकिटात पाचशे घालायचे वाचले हा विचार एकदाही आला नाही, असंही मी रोजनिशीत तरी लिहू शकत नाही. म्हणजे मी देते की काढून टाकते? वहिनींनी नेमकं तिथेच बोट ठेवलं, न बघता. म्हणून टोचलं असणार. खोटं असतं तर घरी येऊन विसरले असते.

बरं, त्यातही ते तुकडे माझे नाहीतच. माझा एक नियम आहे, कापून झालं की प्रत्येकीला विचारायचं, उरलंय, देऊ का ठेवू? साध्या ब्लाउजला ऐंशी सेंटिमीटर पुरतं, तरी काही जणी एक मीटर देतात. शंभरातल्या नव्वद म्हणतात ठेव तूच, घरी नेऊन काय करू. काही जणी मात्र चिंधीसकट मोजून नेतात, त्यांचं मला उलट बरं वाटतं. वहिनी कायम एक मीटर देतात आणि कायम ठेव म्हणतात.

आज संध्याकाळी शर्मिलाचा मेसेज आला. फोटो होता. बाळ गोधडीवर पालथं पडलंय, लाळेने सगळं ओलं, आणि एक हिरवा चौकोन गोळा करून तोंडात कोंबलाय. खाली लिहिलंय, "मामी, हाच्याच पाठीमागे लागतो सारखा, रंग तर जाणार नाही ना?"

मी फोटो मोठा करून बघितला. तिसरी ओळ, दुसरा चौकोन. हिरव्यावर बारीक पांढरे ठिपके. गेल्या चवथीचं वहिनींचं ब्लाउज, बाह्या कोपरापर्यंत, मागून गळा आठ इंच. चांगली वीस सेंटिमीटरची पट्टी राहिली होती, तिचे मी चार चौकोन काढले होते, दोन अश्विनीला गेले आणि दोन इकडे.

हसू यायला लागलं तर थांबेचना. हे आतून विचारतात काय झालं. काय सांगणार, म्हटलं काही नाही, वहिनींचं ब्लाउज बाळ खातंय. ते टीव्हीकडे वळले परत.

शर्मिलाला लिहिलं, नाही जायचा गं, दोनदा धुतलाय, खुशाल चघळू दे. वहिनींना सांगायचं की नाही ते ठरवलं नाही. सांगितलं तर त्या पुन्हा हसतील, की त्या कोपऱ्यावर हात फिरवून ओळखलंच होतं त्यांनी, कुणास ठाऊक. वहिनींचं तसं काही सांगता येत नाही.

करंट आला. वहिनींचं ब्लाउज आजच कापायला घ्यायला हवं, सोमवारी न्यायला येतील. जांभळं आहे या वेळी. मोजून बघितलं, एक मीटरला दोन बोटं जास्तच भरलं.