दोन नंबरचा थंड सिलिंडर

स्वतः बांधलेल्या विमानात डेटा लॉगर, म्हणजे उड्डाणातले आकडे सतत टिपून ठेवणारं यंत्र, बसवायला घेतला, तेव्हा हे दोन सुट्ट्यांचं काम आहे असं मी घरी सांगितलं होतं. बसवायला खरंच तेवढेच दिवस लागले. त्यातला एक आकडा खोटा आहे हे कळायला मात्र जवळजवळ तीन महिने गेले.

इंजिन लायकमिंग कंपनीचं, चार सिलिंडरचं, हवेवर थंड होणारं. प्रत्येक सिलिंडरच्या हेडला एक थर्मोकपल (तापमानासाठीचा दोन धातूंच्या वायरींचा प्रोब) नि प्रत्येक एक्झॉस्ट पाइपात एक. शिवाय तेलाचा दाब, तेलाचं तापमान, इंधनाचा प्रवाह, आरपीएम, व्होल्टेज आणि जीपीएसकडून जागा, वेग, वेळ. सेकंदाला एक ओळ, म्हणजे तासाच्या उड्डाणाच्या 3600 ओळी. पायलट पॅनेलकडे बघतो ते अधूनमधून, नि तेही बहुधा भलत्याच क्षणी. लॉगर मात्र नजर हलवत नाही, म्हणून तो हवा होता.

पहिली फजिती रंगाची. अमेरिकी पद्धतीच्या थर्मोकपल वायरीत लाल म्हणजे उणे. आयुष्यभर लाल म्हणजे अधिक असं धरून वायरी जोडलेल्या माणसाचा हात आपोआप चुकतो. प्रोब गरम केला की आकडा खाली जायला लागला, त्यामुळे ही चूक पाच मिनिटांत सापडली. मग सगळे प्रोब एकेक करून उकळत्या पाण्यात बुडवले. सगळे शंभरच्या आसपास. मी खूश.

फायलींचा त्रास वेगळाच. स्टार्टर फिरवला की बॅटरीचं व्होल्टेज इतकं खाली बसायचं की लॉगर बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. प्रत्येक उड्डाणाच्या दोन फायली, पहिली जेमतेम मिनिटभराची. मास्टर स्विच बंद केला की शेवटच्या काही ओळी गायब, कारण त्या कार्डावर लिहायच्या आधीच वीज गेलेली. लॉगरला स्वतःची छोटी बॅटरी दिली आणि दर दोन सेकंदांनी कार्डावर लिहायला लावलं, तेव्हा दोन्ही प्रश्न मिटले. इंधनाच्या मीटरचं गणित टाकी भरताना किती मावलं त्यावरून जुळवलं. चार वेळा भरल्यावर आकडा बसला.

आता दोन नंबरची गोष्ट. लायकमिंगमध्ये एक नंबर पुढे उजवीकडे, दोन नंबर पुढे डावीकडे. चढताना बाकीच्या तिघांची हेड 200 अंश सेल्सिअसच्या आगेमागे असायची आणि दोन नंबर 170 ला. पुढच्या सिलिंडरवर थेट वारा येतो, तेव्हा तो थंड राहणारच, असं मी स्वतःला पटवलं. मग सगळेच करतात तो उपाय केला: त्याच्यापुढे ॲल्युमिनिअमची एक पट्टी लावून वारा थोडा अडवला. दोन नंबर 180 ला आला. आलेख छान जवळजवळ आले, आणि त्या दिवशी मी ते पडद्यावर जरा जास्तच वेळ बघत बसलो.

एकदा उतरल्यावर पॅनेलमागचं काहीतरी बघत होतो नि मास्टर चालूच राहिला. दहा मिनिटांनी लक्षात आलं, तोवर वरचं काऊलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकणही काढून झालं होतं. संध्याकाळी फाइल उघडली. इंजिन बंद झाल्यावर तिघांच्या रेषा संथ उतरत होत्या. दोन नंबर मात्र दगडासारखा खाली. आणि मी काऊलिंग काढलं त्या सुमाराला तो चक्क आठ-दहा अंशांनी वर चढला. इंजिन बंद, झाकण उघडं, आणि हेड तापतंय!

उपकरणांच्या दुरुस्तीत आयुष्य घालवलेल्या एका मित्राला फोन केला. त्याने एकच विचारलं, "त्या वायरीत कुठे जोड आहे का रे?"

"आहे. दोन नंबरची वायर हातभर कमी पडली होती. पण पक्का सोल्डर आहे."

"पुढे वायर कसली?"

"साधी. तांब्याची."

तो बराच वेळ हसला.

थर्मोकपल तापमान मोजत नाही, तो दोन टोकांच्या तापमानांतला फरक मोजतो. दोन निराळे धातू, गरम टोकाला जोडलेले. सिलिंडर हेडला मी लावलेल्या जे प्रकारात लोखंड आणि कॉन्स्टंटन, अंशाला साधारण 50 मायक्रोव्होल्ट. दुसरं टोक उपकरणापाशी संपतं असं धरून उपकरण तिथलं तापमान त्यात मिळवतं. पण माझ्या विमानात दुसरं टोक संपत होतं एक्झॉस्टच्या वर, इंजिन माउंटला बांधलेल्या सोल्डरपाशी. तिथे 75 अंश नि पॅनेलमागे 30 असले, की आकडा बरोबर 45 ने कमी दिसणार. काऊलिंगखालची हवा तापली की आणखी कमी, झाकण काढून जोड निवला की वर. उकळत्या पाण्याची परीक्षा म्हणूनच तो पास झाला होता: तेव्हा जोड नि पॅनेल दोन्ही सारखेच गार होते. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी चारही आकडे जुळायचे, तेही त्याचमुळे.

आता उलटं गणित केलं. 180 मध्ये 45 मिळवले तर 225. लायकमिंगची कमाल मर्यादा 260 आहे खरी, पण इंजिन दीर्घकाळ टिकायला हेड 224 च्या आत ठेवा असं ते सांगतात. म्हणजे ज्याला मी सगळ्यात थंड समजत होतो तोच सगळ्यात तापत होता, आणि त्याचा वारा मी स्वतःच्या हाताने अडवला होता.

पट्टी त्याच दिवशी काढली. अखंड जे वायर आणून थेट पॅनेलपर्यंत ओढली. पुढच्या चढाईत दोन नंबर 213, चौघांत सगळ्यात वर. मग टॉर्च घेऊन बघितलं तर त्या बाजूच्या बॅफलची (वारा सिलिंडरांकडे वळवणाऱ्या पत्र्याची) रबरी पट्टी काऊलिंगला टेकण्याऐवजी बाहेर वळलेली, बोट जाईल एवढी फट. ती नीट आत वळवून बसवल्यावर तो 204 ला आला.

रेडिओचं बटण दाबलं की तेलाचं तापमान सहा अंश उडी मारतं, तो अर्थिंगचा घोळ अजून निस्तरायचा आहे. जुन्या फायली पुसलेल्या नाहीत. प्रत्येकीच्या नावापुढे लिहून ठेवलंय: दोन नंबर खोटा.