आधी हरलेल्यांचं गीत

२८ डिसेंबर २०२४, रात्री उशिरा

अमेरिकन फुटबॉलमध्ये आर्मीने, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या अमेरिकी लष्करी अकादमीच्या संघाने, लुइझियाना टेक विद्यापीठाला २७-६ ने हरवलं आणि हंगाम संपला. १४ सामने, १२ जिंकले. वेस्ट पॉइंटच्या संघाला एका हंगामात १२ विजय आजवर कधीच मिळाले नव्हते. दर चालीत बॉल ज्याच्या हाती येतो, त्या क्वार्टरबॅक ब्रायसन डेलीने आज आणखी तीन टचडाऊन केले, म्हणजे बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेला. बॉल घेऊन पळत केलेले त्याचे वर्षभरातले ३२ झाले. टीव्ही बंद केला, तरी जागचं उठवेना.

६ तारखेची रात्र अजून अंगात आहे. वेस्ट पॉइंटचं मायकी स्टेडियम, बाजूला लस्क तलाव, आणि थंडी अशी की हातमोज्यांतही बोटं बधिर. राखाडी ओव्हरकोटातले कॅडेट शेवटपर्यंत उभे. टचडाऊन झाला की तोफ उडायची आणि तिचा दणका थेट छातीत बसायचा. तुलेन विद्यापीठाला ३५-१४ ने हरवलं. त्यातले चार टचडाऊन एकट्या डेलीचे. १८९० पासून फुटबॉल खेळणाऱ्या या कॉलेजचं हे पहिलंच कॉन्फरन्सचं, म्हणजे आपल्या गटातल्या कॉलेज संघांमधलं, विजेतेपद. २००३ साली हाच संघ १३ च्या १३ सामने हरला होता. ते आठवलं आणि शेजारच्या अनोळखी आजोबांना मी मिठीच मारली.

माझा जीव या संघाच्या ऑफेन्सिव्ह लाइनवर आहे, म्हणजे बॉलवाल्याला वाट करून देणाऱ्या पाच जणांवर. इतर संघ लांब लांब पास टाकतात. आर्मी बॉल हातात धरून पळते. पाच जण समोरच्यांना खांद्याने रेटतात, फट पडते, डेली घुसतो. तीन यार्ड. चार यार्ड. पुन्हा तीन. असं करत करत सामन्यामागे ३०० यार्ड! या पाचांची नावं कुणाच्या तोंडी नसतात. देशातल्या सर्वोत्तम लाइनला मिळणारा जो मूर पुरस्कार यंदा त्यांना मिळाला, याचा मला विजेतेपदाइतकाच आनंद आहे.

१४ तारखेबद्दल लिहायचं टाळतेय. मेरीलँडमधल्या लँडओव्हरला नेव्हीने, म्हणजे नौदल अकादमीच्या संघाने, आम्हाला ३१-१३ ने हरवलं. डेलीचे तीन पास त्यांनी मधेच पकडले. नोटर डेम विद्यापीठाकडून ४९-१४ ने हरलो, तेव्हाही एवढं लागलं नव्हतं. नेव्हीचं वेगळं असतं. सामना संपला की दोन्ही संघ मिळून आधी हरलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांसमोर जातात. त्यांच्या कॉलेजचं गीत म्हटलं जातं, मग जिंकलेल्यांचं. म्हणून वर्षभर दोन्हीकडे एकच ध्यास, आपलं गीत दुसरं व्हायला हवं. यंदा आर्मीचं आधी झालं.

ते ऐकून बाबांना बेळगावला फोन लावला. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, तरी पहाटेचा चहा चुकत नाही. हा खेळ त्यांना कळत नाही, पण सगळं ऐकून घेतलं.

"हरलेल्यांचं गाणं चालू असताना जिंकलेले काय करतात?"

"शेजारी उभे राहतात, बाबा."

"सावधानमध्ये?"

"हो."

"मग बरोबर आहे."

पुढे बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

आज परत फोन केला. शेवटच्या वर्षाची मुलं मे महिन्यात लेफ्टनंट होतील, मग निदान पाच वर्षं सैन्यात. त्यातल्या बहुतेकांनी आज शेवटचं हेल्मेट काढलं असेल. लाइनमधल्या धिप्पाड पोरांना तर आता सैन्याच्या मापात बसायचंय. समोरच्याला रेटता यावं म्हणून चार वर्षं खाऊन कमावलेलं वजन उतरवायचं. हे बाबांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "किती महिने आहेत हातात?"

"पाच."

"होईल," बाबा म्हणाले. "पहाटे उठायची सवय आहे ना त्यांना?"