डावा पाय

आळंदी ते पंढरपूर आता या जन्मी जमायचं नाही, म्हणून वडाळ्याची वारी केली. विठ्ठलाचं तिथलं देऊळ म्हणजे मुंबईकरांचं प्रतिपंढरपूर. लालबागच्या भारतमाता सिनेमापासून पाचेक किलोमीटर. पाय धड असते तर तास-सव्वा तासाचं काम, मला साडेतीन तास लागले. 2025 ची आषाढी, 6 जुलै, रविवार.

फेब्रुवारीत अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. वाचा वाचली, डावा पाय फरफटत राहिला. वय 77. डॉक्टरांच्या तोंडून ‘दुसरा झटका’ हे शब्द निघाले आणि मला पहिल्यांदा धाकट्या भावाची आठवण झाली. 39 वर्षांत आम्ही भेटलो ते मयताला नाहीतर लग्नाला. फोन केला. “तुमच्या दिंडीत येऊ का?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “ये की. रस्ता काय आपल्या बापाचा आहे?”

भाऊ गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या मागांवर होता. एकदा साच्याचा धोटा उडून डाव्या गुडघ्यावर बसला, तेव्हापासून लंगडायचा. मग 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगारांबरोबर तोही बाहेर पडला, तो परत आत गेलाच नाही. 1986 मध्ये मला एका नाटकात संपकरी कामगाराची विनोदी भूमिका मिळाली. चाल सापडत नव्हती, आणि ती तर घरातच होती! चाळीच्या गॅलरीत आठवडाभर त्याच्या मागून चाललो. परळच्या दामोदर नाट्यगृहात पहिल्याच एंट्रीला हशा. पासही मीच दिले होते, तिसऱ्या रांगेतले, त्याला आणि त्याच्या बायकोला. मध्यंतरानंतर दोन्ही खुर्च्या रिकाम्या. तो बोलला नाही, मी विचारलं नाही. प्रयोग हाउसफुल्ल जात होते, विचारतो कशाला?

निघताना सगळे एकमेकांच्या पाया पडले. वारीत थोरला-धाकटा नसतो. मी त्याच्यापुढे वाकायला गेलो आणि तोल गेला. त्यानं दंड धरला. “राहू दे,” म्हणाला, आणि कपाळाला बुक्का लावून टाळ घेऊन पुढच्या रांगेत गेला.

परळपर्यंत मी त्याच्या मागेच होतो. ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’च्या ठेक्यावर पाय आपोआप पडतात म्हणतात. माझा पडत नव्हता. दामोदर 2023 पासून पुनर्विकासासाठी बंद आहे. तिथून जाताना भावानं मान वळवली नाही. मी त्याच्या पायाकडे बघत होतो. डाव्या चपलेची बाहेरची कड झिजून कागदासारखी झालेली. तो आधी टाच टेकवतो, क्षणभर अंदाज घेतो, मगच भार टाकतो. आठवडाभर मागे चालून हे मला दिसलं नव्हतं. मी फक्त हेलकावा उचलला होता.

हिंदमाताजवळ केळी वाटणाऱ्या एका बाईंनी मला ओळखलं. “अगंबाई, तुम्ही तर गेलात!” खरं होतं. झटक्यानंतर मालिकावाल्यांनी माझ्या आजोबांना दोन भागांत मारलं, फोटोला हार घातला आणि तो सेटवरच्या भिंतीवर टांगला. त्या फोटोचं मानधन मिळत नाही. बाईंनी सेल्फी काढला आणि दोन केळी जास्त दिली.

खोदादाद सर्कलला पाय पार थकला. दिंडी पुढे गेली, भाऊ थांबला. तिथून वडाळ्यापर्यंत तो माझ्या डावीकडून चालला, एक शब्द न बोलता. माफीची दोन वाक्यं घरून पाठ करून आणली होती. खिशातल्या गोळ्यांसारखी तशीच राहिली.

कात्रक रोडवर दर्शनाची रांग कुठल्या कुठे गेली होती. आम्ही फुटपाथवर टेकलो. त्यानं राजगिऱ्याचा लाडू मोडून अर्धा मला दिला.

“दादा,” तो म्हणाला, “आता जमलंय तुला. तेव्हा पाय फार उचलायचास.”

लाडू घशातच अडकला. “तू तर मध्यंतरात उठून गेला होतास.”

“त्या दिवशी. नंतर तिकीट काढून बघितलं, शेवटच्या रांगेत बसून.”

“राग नव्हता?”

“होता की.” त्यानं धोतरावरचे दाणे झटकले. “पण तिसऱ्या अंकात घरी भांडून रडतोस ना, ते बरोबर होतं. ते कुठून उचललं होतंस?”

मला आठवेना. रांग हलली, तसा त्यानं हात पुढे केला. “उजवा दे,” म्हणाला.