प्लगवरचं मचूळ पाणी

नाताळच्या गर्दीच्या तोंडावर मालवणजवळच्या देवबागेतून फोन आला. जेट स्की, म्हणजे पाण्यावरची स्कूटर, काल संध्याकाळी झकास चालली, आज बटण दाबलं की नुसतं 'टक्'. मी पोचेपर्यंत नवी बॅटरी घालून झाली होती. आमच्याकडे इलेक्ट्रिकवाला आला की बॅटरीच गेलेली असते, दुसरं काही जातच नाही. नव्या बॅटरीवरही टक्. मग टेम्पोच्या बॅटरीला केबल लावून आणखी चार-पाच वेळा टक्.

मीटरवर 12.7 व्होल्ट. बटण दाबलं की थेट 9 च्या खाली. स्टार्टर जोर लावत होता, पण फिरत नव्हता; म्हणजे अडलं होतं ते इंजिन. सीट उचललं, चारही कॉइल सोडवल्या, प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगच्या टोकाला थेंब लोंबत होता. बोटावर घेऊन जिभेला लावला. समुद्राचं असतं तर तोंड वाकडं झालं असतं. हे मचूळ लागलं, तिथल्या विहिरीसारखं. मशीन उलटलेलं नव्हतं की बुडालेलं नव्हतं. पाणी नळाचं होतं.

जेट स्कीचं थंड करणारं पाणी इंजिनातून शेवटी सायलेन्सरच्या डब्यात जातं आणि धुराच्या दाबानेच बाहेर फेकलं जातं. इंजिन बंद असताना मीठ धुवायला पाइप जोडून नळ सोडला तर ते फेकणार कोण? डबा भरतो आणि पाणी उलटं चढून, ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलाय त्यात उतरतं. म्हणून आधी इंजिन चालू, लगेच नळ. धुऊन झाल्यावर आधी नळ बंद, मग दोन-चार वेळा रेस देऊन डबा रिकामा करायचा आणि इंजिन बंद. पाण्याविना 15 सेकंदांवर चालवायचं नाही, नाहीतर रबरी पाइप करपतात.

इंधन पंपाचा फ्यूज काढला, प्लगच्या भोकांवर फडकं धरलं आणि पाच-पाच सेकंद स्टार्टर मारला. तिसऱ्यातून पिचकारी उडाली. डिपस्टिकवर, म्हणजे तेल मापायच्या पट्टीवर, तेल दुधाच्या चहासारखं. खालून सोडायला बोल्ट नाही, डिपस्टिकच्याच नळीतून पंपाने ओढावं लागतं. नवं तेल घालायचं, पाच मिनिटं चालवायचं, पुन्हा ओढायचं. असं तीनदा केलं तेव्हा रंग सुधारला. हे त्याच दिवशी व्हावं लागतं, रात्रभर राहिलं तर बेअरिंगला गंज धरतो.

नळ सोडणारा पोरगा बाजूलाच उभा होता. "काका, तुमीच सांगलास मा, रोज गोडा पाणी मार म्हणान?"

सांगितलं होतं खरं. हंगामाच्या सुरुवातीला, घाईत, क्रम न सांगता.

इंजिन आता चालतंय. पण कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरात होणारा दाब, बाकी तिघांचं 170 पीएसआयच्या आसपास आणि तिसऱ्याचं 150. चमचाभर तेल घालून पुन्हा घेतलं, तरी 150 च. म्हणजे दोष पिस्टनच्या रिंगांचा नाही, नाहीतर तेलाने फट बुजून आकडा चढला असता. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, नाहीतर टेम्पोच्या बॅटरीने मारताना पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकला असेल. पाणी दबत नाही, लोखंडालाच वाकावं लागतं. वाकलेला रॉड आठ दिवस चालेल किंवा दुसऱ्याच फेरीत ब्लॉक फोडून बाहेर येईल, तेही संगमावर, ओहोटीच्या ओढीत, मागे पर्यटक बसलेला असताना. मालकाचं म्हणणं, नाताळ जाऊ दे, मग हेड उघडू. मशीन अजून माझ्याकडेच आहे आणि त्याचा दिवसातून दोनदा फोन येतो.