ओढत नाही!

व्हॅक्युम क्लीनरबद्दलची आपल्याकडची सगळी तक्रार दोन शब्दांत मावते: "ओढत नाही." वर्षभर माळ्यावर राहून दिवाळीच्या तोंडावर खाली उतरलेल्या मशीनबद्दल तर हमखास. आवाजाने घर डोक्यावर घेतं, पण गालिच्यावरचा केस जागचा हलत नाही. मग घरात कुणीतरी "मोटर गेली" असं जाहीर करतं. मोटर बहुतेकदा ठणठणीत असते. तिचा श्वास कोंडलेला असतो.

मोटर ओढते ती हवा. धूळ त्या हवेबरोबर वाहत येते आणि गाळणीत अडकते. 1901 साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढून पाहिली, तेव्हा धूळ रुमालाच्या खालच्या अंगाला चिकटली. आजच्या मशीनमधली पिशवी म्हणजे तोच रुमाल. तो भरला की संपलं. म्हणून पिशवी दोन-तृतीयांश भरली की रिकामी करावी. कागदी असेल तर सरळ बदलावी. ती गच्च होईपर्यंत थांबणं ही खोटी काटकसर.

पिशवी रिकामी दिसते, तरी ओढ नाही? मग अलीकडे पोटात काय गेलं ते आठवा. रांगोळी, टाल्कम पावडर, भिंत घासल्यावर उडालेली पुट्टी. असली भुकटी ढीग करत नाही, कापडाची छिद्रं बुजवते. गालिच्याचा वास जावा म्हणून मुठीमुठीने खायचा सोडा पसरणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. फोमचा फिल्टर साध्या पाण्यात धुवून सावलीत पूर्ण 24 तास वाळवायचा. दमट बसवला तर धुळीचा चिखल होतो आणि मशीनला कुबट वास लागतो, तो पुढे जाता जात नाही. घड्यांचा कागदी फिल्टर मात्र फक्त झटकायचा.

यानंतरही शंका असेल तर पाईप काढून मशीनच्या तोंडाला तळवा लावावा. तिथे जोर असेल तर बोळा पाईपमध्ये आहे. पाईप उभा धरून वरून रुपयाचं नाणं सोडा. खाली आलं नाही तर अडथळा सापडला. तो काढायला झाडूचा दांडा घ्यावा, तार नको. तारेने पाईपला भोक पडतं आणि हवा तिथूनच आत शिरते.

आता गालिचा. वर दिसते ती धूळ निरुपद्रवी. खरा त्रास चपलांबरोबर येणाऱ्या रेतीचा. ती धाग्यांच्या मुळाशी उतरते आणि पाय पडेल तसतशी धागे कापत राहते. दारापाशी आणि सोफ्यासमोर गालिचा आधी विरतो तो यामुळे. ही रेती वर यायला वेळ लागतो, म्हणून हात सावकाश हवा: हातभर अंतराला दोन-तीन सेकंद, मागे ओढताना त्याहून हळू. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवायचा, मग तीच जागा आडव्या दिशेने. भराभर दहा हात मारण्यापेक्षा असे चार बरे. गालिच्यावर फिरणाऱ्या चपट्या तोंडाला पायाने दाबायचं बटण असतं तिकडेही बघावं. तोंडाच्या ब्रशचे केस बाहेर असतील तर ती सोय फरशीची. गालिच्यासाठी केस आत हवेत. बऱ्याच घरांत हे बटण कधी दाबलंच जात नाही.

हाताने गाठी मारलेल्या काश्मिरी गालिच्यावर फिरता ब्रश लावू नये. झालर तर त्यात गुंडाळलीच जाते. असा गालिचा अधूनमधून उलटा करून पाठीवरून मशीन फिरवावं. मग उचलून पाहा, खाली किती रेती पडलेली असते! फिरत्या ब्रशवर अडकलेले केस प्लग काढून, कात्रीने ब्रशच्या लांबीच्या दिशेने कापावेत. ते राहिले की ब्रश फिरवणाऱ्या रबरी पट्ट्यावर ताण येतो, पट्टा सैल पडतो आणि ब्रश नुसता शोभेला उरतो.

राहिली वायर. ती ओढताना पिवळी खूण दिसली की थांबायचं. लाल दिसली म्हणजे जास्त झालं. पण फार थोडी बाहेर काढून तासभर वापरली तर आतली गुंडाळी तापते. आणि आत घेताना प्लग हातात धरावा, नाहीतर तो शेवटच्या क्षणी नेमका नडगीवर बसतो.